बाजाराच्या दिवशीची गोळी

आईला तिसऱ्यांदा हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या कारखान्यात होतो. घोटीहून फोन आला. आईच्या दुकानाशेजारी किराणा दुकान चालवणारे काका बोलत होते.

"आईला धाप लागलीय. बसवत नाय, आडवंबी होता येत नाय. मी गाडी करून निघतो, का तुम्ही येता?"

"तुम्ही निघा. मी वाटेत गाठतो," मी म्हटलं.

वाटेत गाठायची काही गरज नव्हती. ते थेट हॉस्पिटलात आले असते तरी चाललं असतं, उलट दहा मिनिटं वाचली असती. पण मला एका जागी थांबणं शक्य नव्हतं. मी विल्होळीपर्यंत गेलो, हायवेच्या कडेला गाडी लावली आणि समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघत उभा राहिलो. त्यांची गाडी आली तेव्हा आई मागच्या सीटवर दोन्ही हात समोरच्या सीटवर टेकवून पुढे वाकून बसली होती. काच खाली होती. तिने मला पाहिलं, एक बोट वर करून 'बोलू नको' अशी खूण केली आणि पुन्हा श्वास घेण्याच्या कामाला लागली. त्या वेळी तिच्यासाठी ते कामच होतं.

पाच महिन्यांतली ही तिसरी वेळ.

माझी आई सहासष्ट वर्षांची. घोटीच्या बाजारपेठेत तिचं तांदळाचं दुकान आहे. वडील गेले तेव्हा मी शाळेत पाचवीला होतो. तेराव्यानंतर चार दिवसांनी तिने दुकानाचं शटर उघडलं आणि गादीवर जाऊन बसली. आजही बसते. तांदूळ हातावर घेऊन तो जुना की नवा, कोणत्या गिरणीतून आलाय, हे ती सांगते. मी इंदिरानगरला राहतो, बायको शाळेत शिकवते. आईने आमच्याकडे यावं म्हणून आम्ही दोघांनी खूप सांगून पाहिलं. ती येते, चार दिवस राहते, पाचव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी असते.

पहिल्या वेळी आम्हाला काहीच कळलं नव्हतं. दोन महिने तिला खोकला होता. घोटीत खोकल्याचं औषध चालू होतं. संध्याकाळी पाय सुजायचे, ते दिवसभर बसून राहिल्यामुळे, असं ती म्हणायची आणि आम्ही मानायचो. मग उशीवर उशी ठेवून झोपू लागली. एका दुपारी दुकानात तिला उठताच येईना. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदयाचं पंपिंग कमी झालंय. म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही, पण जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही. म्हणून फुप्फुसात आणि पायात पाणी साठतंय."

इंजेक्शनं दिली, पाणी लघवीवाटे निघून गेलं. तिसऱ्या दिवशी आईचे घोटे मला ओळखू आले. पाचव्या दिवशी घरी सोडलं. हॉस्पिटल स्वच्छ होतं, माणसं तत्पर होती, कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. घरी जाताना एक फाइल मिळाली. त्यात नऊ औषधांची यादी, आणि शेवटच्या पानावर एक चौकट. 'रुग्ण व नातेवाईक यांना आहार, औषधे व घ्यावयाची काळजी याबाबत समजावून सांगितले.' खाली सही. काउंटरवरच्या मुलीने पेन पुढे केलं आणि मी सही केली. समजावून कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, 'मीठ कमी, पाणी कमी, गोळ्या वेळेवर' एवढं चालता चालता एकाने सांगितलं होतं.

मी कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. रोज अशाच चौकटी तपासतो. एखाद्या पोराने माप न घेता 'माप घेतले' असं लिहून सही केलेली सापडली, तर मी त्याला समोर बसवून तासभर बोलतो. तेव्हा मात्र पेन हातात होतं, गाडी दारात लावलेली होती आणि आईला घरी न्यायची घाई होती. हे मला फार नंतर आठवलं.

दुसऱ्या वेळी दहा आठवड्यांनी सगळं तसंच झालं. तीच धाप, तीच इंजेक्शनं, तीच फाइल. डॉक्टरांनी राउंडला विचारलं, "आजी, गोळ्या घेता ना?" आई म्हणाली, "घेते ना." मीही मान डोलावली. आणि मी पुन्हा सही केली.

त्यानंतर मात्र मला स्वस्थता उरली नाही. मी एक तक्ता बनवला, सकाळ-दुपार-रात्र, औषधांचे रंग, समोर खुणेसाठी रिकामे चौकोन, आणि घोटीच्या घरी फ्रिजवर चिकटवून आलो. रोज दोनदा फोन. "गोळ्या घेतेस ना?" "घेते." "पापड?" "नाय." "लोणचं?" "आरं नाय म्हणते ना." एका रविवारी मी तिच्या गोळ्यांच्या पाकिटांमधल्या गोळ्या मोजल्या. लघवीच्या गोळीच्या चार-पाच गोळ्या जास्त निघाल्या. मी विचारलं, तर म्हणाली, "आधीच्या पाकिटातल्या उरल्या असतील." मला ते पटलं. खरं तर पटवून घेतलं, कारण गोळ्या उरणं ही मला तेव्हा चांगली गोष्ट वाटली. संपण्याआधी नवं पाकीट येतंय, म्हणजे खंड पडत नाही, असा काहीतरी हिशेब मी डोक्यात केला. माणूस घाबरलेला असला की कसा विचार करतो, याचं मला आता नवल वाटतं.

माझा संशय सगळ्यांवर होता. औषधाच्या दुकानदारावर, कारण त्याने एकदा दुसऱ्या कंपनीची गोळी दिली होती. शेजारच्या काकूंवर, कारण त्या डब्यातून खारवलेल्या मिरच्या पाठवायच्या. हॉस्पिटलवर तर होताच. बायको म्हणाली, "तुम्ही आईंशी बोलता का त्यांची तपासणी करता?" मी चिडलो. जेवण अर्धं टाकून गच्चीवर जाऊन फेऱ्या मारत बसलो.

आणि मग ही तिसरी वेळ.

दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. नाकातोंडावर घट्ट मास्क, त्यातून जोराने येणारी हवा. भेटायची वेळ ठरलेली, त्यामुळे उरलेला वेळ मी बाहेरच्या पॅसेजमध्ये काढला. मला खुर्ची मिळायची, पण मी बसायचो नाही. लिफ्टपासून पाण्याच्या मशीनपर्यंत, पाण्याच्या मशीनपासून लिफ्टपर्यंत. एक बाई आपल्या नवऱ्यासाठी तिथेच बसून होत्या, त्या शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसा हो जरा. तुमच्याकडं बघून माझ्याच छातीत धडधडतंय." मी बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा उठलो.

तिसऱ्या दिवशी आईला साध्या वॉर्डात हलवलं. तिथे मी एका तरुण डॉक्टरला गाठलं आणि जे दोन दिवस मनात घोळत होतं ते बोलून टाकलं.

"तुम्ही दर वेळी पाणी काढता आणि घरी पाठवता. आमच्याकडे एखादा माल तीनदा परत आला तर आम्ही मशीन थांबवतो. का येतोय परत ते शोधल्याशिवाय पुढचा माल सोडत नाही."

तो रागावला नाही. चष्मा काढून डोळे चोळले त्याने. बहुतेक रात्रपाळी करून तसाच थांबला असावा.

"तुमचं बरोबर आहे, सर. एवढी औषधं चालू असताना पाणी इतक्या लवकर भरायला नको. पण आजी म्हणतात सगळं घेते, तुम्ही म्हणता सगळं देतो. मग आम्ही डोस वाढवतो. यापलीकडे आम्हाला काही सापडत नाहीये." मग म्हणाला, "आमच्याकडे आता एक सिस्टर फक्त अशाच पेशंटशी बोलायला असतात. दोन महिने झाले सुरू करून. घरी सोडायच्या आधी त्या बसतील आईंजवळ. घाई करू नका."

सिस्टर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी स्टूल ओढलं, पलंगाभोवतीचा पडदा सरकवला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी मुलगा आहे त्यांचा. औषधांचं सगळं मीच बघतो."

"म्हणूनच बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता.

मी पडद्याबाहेर आलो. लांब जायला हवं होतं. गेलो नाही. पडदा तो काय, हिरवं कापड. आतलं सगळं ऐकू येत होतं.

बराच वेळ सिस्टर आजाराबद्दल काही बोलल्याच नाहीत. दुकान कुठे आहे, तांदूळ कोणता चालतो, इंद्रायणी आताशी पूर्वीसारखी चिकट का होत नाही, असं काहीबाही. आई मोकळी बोलत होती. मी घड्याळ बघत होतो. वीस मिनिटं तांदळावर गेली. मला वाटलं, आत जाऊन सांगावं की मुद्द्यावर या.

मग त्यांनी विचारलं, "मावशी, ही पांढरी गोळी, लघवीची. ही कोणकोणत्या दिवशी घेत नाही तुम्ही?"

'घेता का' असं नाही विचारलं त्यांनी. 'कोणत्या दिवशी घेत नाही', असं.

मग आईचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"बाजाराच्या दिवशी नाय घेत."

"बरं. अजून?"

"माल उतरायचा असला तर. आन् कुठं लग्नाला जायचं असलं तर. आन् नाशकाला यायच्या दिवशी, एसटीत."

"म्हणजे आठवड्यातून?"

"दोनदा. कधी तीनदा व्हतं."

"लग्नसराईत?"

आई हसली असावी. "तवा जास्त."

"का नाही घेत?"

"आवं, ती घेतली का तासातासाला जावं लागतं. बाजारात बाईमाणसानं जायचं कुठं? गडी उभे राहत्यात भिंतीला. आमाला लांब पेठेच्या त्या टोकाला एका वळखीच्या घरी जावं लागतं. जिना हाय त्यांचा. चढताना धाप लागती. आन् दरवेळी त्यांच्या घरात जायाला बरं वाटतं का? मंग मी पाणीच पीत नाय दुकानात. तीस वरसं झाली, सवय हाय. पण ह्या गोळीपुढं काय चालत नाय."

"मुलाला सांगितलं नाही?"

"त्याला काय सांगायचं असलं."

मी तिथून हललो. पाण्याच्या मशीनपाशी गेलो, ग्लास भरला आणि तो हातात तसाच धरून उभा राहिलो. लाज होती, राग होता, पण कोणावर ते कळत नव्हतं. त्या दुकानात माझं निम्मं बालपण गेलंय. शाळा सुटली की मी तिथे पोत्यांवर बसून अभ्यास करायचो. आई दुपारी कधीतरी 'आले मी' म्हणून जायची आणि बऱ्याच वेळाने परत यायची, तोवर मी गल्ला सांभाळायचो. ती कुठे जाते हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला लागली तर मी दुकानामागे जायचो.

सिस्टरनी हाक मारली तेव्हा मी आत गेलो. आई खिडकीकडे बघत होती.

"मावशींना विचारून तुम्हाला सांगतेय," सिस्टर म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी गोळी बुडवायची नाही, पण सकाळी घ्यायलाच हवी असंही नाही. दुकान आवरून चारला घरी आल्यावर घेतली तर चालेल. डॉक्टरांशी आत्ताच फोनवर बोललेय मी, फाइलवर तसं लिहून देतील. हे आधीच विचारलं असतं कोणी, तर आधीच सांगता आलं असतं."

मी म्हणालो, "तीन वेळा आलो आम्ही इथे."

"हो," त्या म्हणाल्या. बचाव केला नाही. "यायला नको होतं तीनदा."

मग त्यांनी विचारलं, "रोज सकाळी वजन करायचं. पाणी भरायला लागलं की सूज दिसायच्या आधी वजन वाढतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर आम्हाला फोन करायचा. घरी वजनकाटा आहे?"

मी म्हणालो, आजच विकत घेतो. आई म्हणाली, "कशाला? दुकानात हाय की. पोतं मोजायचा."

सिस्टर पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "त्यावर उभं राहायचं मावशी. पोत्याआधी तुमचा नंबर."

निघताना तीच फाइल, तेच शेवटचं पान, तीच चौकट. मी पेन घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "थांबा. मावशी, आधी तुम्ही मला सांगा, घरी जाऊन काय काय करणार." आईने सांगितलं. दोन गोष्टी चुकल्या, त्या पुन्हा सांगितल्या. मग आईने सही केली. माझी सही त्या पानावर लागलीच नाही.

गाडी वाडीवऱ्ह्यापर्यंत आली. मग मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"तू इचारायचास, गोळ्या घेतेस ना. मी म्हणायचे, घेते. खोटं नव्हतं ते. रोज घेते असं कुठं म्हणले मी?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका राग आला की मी गाडीचा वेग उगाचच वाढवला. "हळू चालव," ती म्हणाली.

पुढच्या पंधरा दिवसांत मी जे केलं त्याला बायको अजून वेडेपणा म्हणते. दुकानाच्या मागे पोती ठेवायची पत्र्याची खोली आहे. तिच्या कोपऱ्यात शौचालय बांधायचं मी ठरवलं. रजा टाकल्या. जागामालकाची परवानगी, ग्रामपंचायतीत अर्ज, गटाराची जोडणी कुठून घ्यायची यावर शेजाऱ्याशी वाद, गवंडी आज येतो उद्या येत नाही. मी रोज सकाळी इंदिरानगरहून निघायचो आणि संध्याकाळी धुळीने माखून परत यायचो. आई गादीवरून बघत राहायची. एकदा म्हणाली, "बैस की जरा. पळतंय का ते?" पण मला बसून चालणार नव्हतं. ते दार लागल्याशिवाय मला झोप येणार नव्हती, असं काहीतरी झालं होतं.

दार लागलं. आत हाताला धरायला एक दांडी बसवली. पहिल्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. दुपारी भाजी विकायला बसलेली एक म्हातारी दुकानात आली, आईच्या कानात काही बोलली आणि मागे गेली. थोड्या वेळाने दुसरी. मग बांगड्यावाली, तिच्याबरोबर तिची सून. तीन वाजेपर्यंत मी मोजणं सोडून दिलं. आईने गल्ल्याशेजारच्या खिळ्याला किल्ली अडकवली होती आणि कोणी आली की न बोलता हात तिकडे करायची. मला तिने सांगितलं, "तू आता जा घरी. तू हितं बसलास का त्या येत नाय."

मी उठलो. आजवर तिथे बसल्याबद्दल मला कोणी उठवलं नव्हतं.

वजनाचं मात्र आमचं रोज सकाळी आठला चालू झालं. दुकान उघडलं की ती काट्यावर उभी राहायची आणि मला आकडा सांगायची. "त्रेपन्न आठशे." "त्रेपन्न सहाशे." "चौपन्न." मी वहीत लिहायचो. फोनला दोन मिनिटं उशीर झाला तरी मी खिडकीत जाऊन उभा राहायचो. तीन महिने गेले. पाच महिने गेले. पाय सुजले नाहीत. तिने उशा कमी केल्या. मला वाटायला लागलं की आता जमलं, आणि असं वाटलं की मला जास्तच बेचैन व्हायला व्हायचं.

सातव्या महिन्यात तिने सांगितलं, "चौपन्न दोनशे." दुसऱ्या दिवशी, "चौपन्न दोनशे." तिसऱ्या दिवशी तेच. मला आधी बरं वाटलं. सहाव्या दिवशी वही बघताना हात थांबला. वीस वर्षं मापं बघतोय मी. खरं माप कधी असं एका जागी बसत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे होतंच. सलग सहा दिवस तोच आकडा आला तर त्याचा अर्थ एकच, की कोणी मोजत नाहीये.

कारखान्यात फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं आणि निघालो. दुकानात गेलो तर काट्याच्या जागी फरशीवर चौकोनी डाग फक्त.

"काटा कुठाय?"

"पासिंगला गेलाय." व्यापाऱ्यांना दरवर्षी काट्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो, त्यासाठी तो दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. "सा-सात दिवस व्हतील म्हणाला."

"मग मला चौपन्न दोनशे कुठून सांगत होतीस?"

"गेला त्या दिवशी तेवढं व्हतं." मग म्हणाली, "तू उगा हितं पळत आला असतास."

मी पळत आलोच होतो. शेजारच्या किराणा दुकानात काटा होता. त्या काकांच्या गोण्या बाजूला करून तिला उभं केलं. छप्पन्न आठशे.

तिला धाप नव्हती. पायावर बोट दाबलं तर हलकासा खळगा पडला. ती म्हणत होती, "मला काय होत नाय, उद्या जाऊ." मी सिस्टरना फोन लावला. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "आत्ताच घेऊन या. चालत येतील तेवढ्यात या." दुपारी बाराला आम्ही तिथे होतो. दिवसभरासाठीच्या वॉर्डात आरामखुर्चीत बसवून तिला इंजेक्शन दिलं, चार वेळा ती स्वतः चालत शौचालयात गेली, रक्त तपासलं, गोळीचा डोस वाढवला. त्या सहा दिवसांत एक श्राद्ध आणि एक साखरपुडा झाला होता, आणि दोन्हीकडे पंगतीत वाढलेलं तिने सगळं खाल्लं होतं, हेही सिस्टरनीच काढून घेतलं. पाच वाजता आम्ही बाहेर पडलो. मास्क नाही, अतिदक्षता विभाग नाही, मुक्काम नाही.

तरुण डॉक्टर लिफ्टपाशी भेटला. "या वेळी लवकर आणलंत," तो म्हणाला. सहा दिवस मी तोच आकडा वहीत लिहीत बसलो होतो, हे त्याला सांगावंसं वाटलं नाही.

याला आता दीड वर्ष झालं. त्यानंतर एकदा, थंडीत छातीत कफ झाला म्हणून, तीन दिवस तिला ठेवावं लागलं. बाकी ती दुकानात असते. पोतं उचलायला लावत नाही कोणी, पण ती उचलते की नाही ते मला माहीत नाही. जिना एका दमात चढत नाही, मध्ये थांबते आणि थांबलेय हे कळू नये म्हणून कोणाशी तरी बोलते.

गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी एक नवी गोष्ट काढली. पंपिंग औषधांनी थोडं सुधारलंय, पण पुरेसं नाही. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवावं, असं त्यांचं मत. आईने विचारलं, "त्यानं धाप कमी व्हईल?"

"नाही आजी. धापेसाठी नाही ते. कधी अचानक ठोके बिघडले, तर ते यंत्र झटका देऊन हृदय पुन्हा चालू करतं."

"दुखतं का झटका?"

"दुखतो. खोटं नाही सांगणार. पण जीव वाचतो."

"आन् ठोके बिघडलेच नाय तर?"

"तर ते नुसतं बसून राहील आत."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "आन् नाय बसवलं, आन् बिघडले, तर मला कळंल का काय?"

"बहुतेक नाही," डॉक्टर म्हणाले.

ती पदर सावरत बसली. मी मध्ये तोंड घातलं आणि आपण बसवून घेऊ, असं म्हणालो. डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. "त्यांना ठरवू द्या. पुढच्या मंगळवारी या."

तेव्हापासून मी त्या यंत्राबद्दल मिळेल ते वाचतोय. बायकोचं मत बसवावं असं आहे. शेजारच्या काकांचं मत, आता या वयात कशाला. आईला मी रोज विचारतो आणि ती रोज वेगळं बोलते. काल म्हणाली, "बसवू." आज दुपारी म्हणाली, "ते आतनं झटका देणार, आन् मी तवा तांदूळ मोजत आसंन. गिऱ्हाइकाम्होरं कसं दिसंल ते?" मी म्हटलं, आई, गिऱ्हाइकाचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, "तू नाय रे समजणार," आणि फोन ठेवला.

मी लगेच पुन्हा लावला. तिने उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तर कोण्या गिऱ्हाइकाने उचलून सांगितलं, त्या माप करतायत. मी बरं म्हणालो. जेवायच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो, तो तसाच झाकला आणि कारखान्याच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. मंगळवार उद्या आहे. दहाची वेळ आहे, म्हणजे आठला घोटीहून निघायला हवं. ती काय ठरवणार आहे, मला खरंच माहीत नाही.